आधी किनारा, मग हॉटेल : बेटांवरील मुक्कामाविषयी वाचकांचे प्रश्न

सहलीच्या सदराकडे या वेळी आलेल्या पत्रांत बेटांवरील मुक्कामाविषयीची पत्रे अधिक आहेत. त्यांतील चार पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्रातील अडचण अनेक कुटुंबांची असल्याने त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : आम्ही नाशिकच्या इंदिरानगरमध्ये राहतो. नाताळच्या सुटीत सहा जणांनी अंदमानला जायचे ठरवले आहे. आम्ही दोघे, अकरा वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि माझे सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत. ट्रॅव्हल एजंटने पाच रात्रींची विभागणी पोर्ट ब्लेअर एक, हॅवलॉक दोन, नील एक आणि पुन्हा पोर्ट ब्लेअर एक अशी करून दिली आहे. हॅवलॉकला विजयनगर किनाऱ्यावरचे एक रिसॉर्ट आणि राधानगरजवळचे त्याहून बरेच महाग रिसॉर्ट असे दोन पर्याय आहेत. कोणते घ्यावे?

उत्तर : दोन्ही रिसॉर्टांच्या छायाचित्रांत निळे पाणी आणि माडांची रांगच दिसेल, त्यामुळे छायाचित्रांवरून निर्णय करू नये. खरा फरक किनाऱ्यांत आहे. विजयनगर हा हॅवलॉकचा, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपाचा, पूर्व किनारा आहे. तेथे समुद्र उथळ असून तळाशी वाळूबरोबर प्रवाळाचे खडकही आहेत. भरतीच्या वेळी पाणी झाडांपर्यंत येते आणि फार सुंदर दिसते. ओहोटीला मात्र ते इतके आत जाते की पोहण्याजोगे पाणी गाठायला खडकांतून बरेच चालावे लागते. राधानगर पश्चिमेला आहे. तेथे लांब-रुंद वाळूचा किनारा असून पायाखाली खडक फारसे लागत नाहीत, आणि डिसेंबर ते एप्रिल या काळात पाणी बहुधा शांत असते. ‘टाइम’ नियतकालिकाने २००४ मध्ये आशियातील सर्वोत्तम किनारा म्हणून त्याचीच निवड केली होती.

एवढे वाचून राधानगरचे रिसॉर्ट घ्यावे असे वाटेल, आणि केवळ तुम्ही दोघे व मुले असता तर मीही तेच सुचवले असते. पण राधानगरच्या बाजूला राहण्याची ठिकाणे थोडी आहेत आणि ती झाडीत विखुरलेली आहेत. अंधार पडल्यावर जेवणासाठी, औषधासाठी किंवा मुलीला दूध हवे असले तरी बहुतांशी त्या रिसॉर्टवरच अवलंबून राहावे लागते. धक्का, बाजार, खानावळी, औषधांची दुकाने आणि पाण्याखाली बुडी मारण्याच्या खेळांची (डायव्हिंगची) केंद्रे ही सारी गोविंदनगर ते विजयनगर या पट्ट्यात आहेत. सासू-सासरे दिवसातले दोन तास पाण्याजवळ आणि उरलेला वेळ खोलीच्या ओट्यावर किंवा माडांच्या सावलीत घालवतील, हे गृहीत धरून मी तुमच्यासाठी विजयनगरची तळमजल्यावरची खोली निवडेन आणि वाचलेल्या पैशांतून दोन दुपारी गाडी करून सर्वांना राधानगरला नेईन. ते अंतर साधारण अर्ध्या तासाचे आहे. मात्र विजयनगरला खोली घेताना ‘समोर समुद्र आहे’ याचा अर्थ ‘समोर मुलांना केव्हाही डुंबता येईल’ असा होत नाही, हे मनाशी पक्के करून जावे, म्हणजे पहिल्या सकाळी मुले हिरमुसणार नाहीत.

भरती-ओहोटीचा विचार आपण नाशिककर सहसा करत नाही, कारण गोदावरीचे पाणी पावसाने वाढते, चंद्राने नाही. अंदमानात दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते, आणि त्यांच्या वेळा रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असल्याने पाणी फार वर येते आणि फार दूरही जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा हा फरक कमी असतो. तारखा ठरवण्याआधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहाव्यात आणि पोर्ट ब्लेअरचे भरती-ओहोटीचे तक्ते नेटवर पाहून घ्यावेत. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान भरती असलेले दिवस मिळाले, तर विजयनगरच्या किनाऱ्यावरही मुलांना पाण्यात खेळता येईल. ओहोटीला खडकांत साचलेल्या पाण्यात खेकडे आणि लहान मासे पाहण्यात मुले रमतात, पण मेलेल्या प्रवाळाच्या कडा धारदार असतात. म्हणून दोघांनाही पाण्यात घालायचे बूट नाशिकहूनच घेऊन जावेत. प्रवाळाचे तुकडे उचलून आणण्यास कायद्याने बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते, हेही मुलांना आधीच सांगून ठेवावे.

दुसरी गोष्ट सूर्याची. हॅवलॉक नाशिकच्या पूर्वेला सुमारे एकोणीस रेखांश दूर आहे, तरी दोन्हीकडे घड्याळ एकच. त्यामुळे तेथे सूर्य आपल्यापेक्षा तास-सव्वा तास आधी मावळतो. डिसेंबरअखेर पाच-सव्वापाचलाच सूर्यास्त होतो. दुपारचे जेवण, मग वामकुक्षी, मग चहा आणि मग समुद्र, हा आपला सुटीचा क्रम तेथे जमत नाही. राधानगरला जायचे असेल, तर अडीचच्या आत निघावे. उलट सकाळी पावणेसहाच्या आतच उजाडते आणि विजयनगर पूर्वेला असल्याने सूर्योदय खोलीच्या दारातून दिसतो. पहाटे उठणाऱ्या सासू-सासऱ्यांना ही बाजू मानवेल.

आता रात्रींच्या विभागणीविषयी. एजंटने दिलेली विभागणी सर्वत्र चालते, पण तुमच्या कुटुंबासाठी ती योग्य नाही, असे मला स्पष्टपणे वाटते. तीत पाच रात्रींत चार ठिकाणी सामान उतरवावे लागते. दर वेळी खोली सोडणे, धक्क्यावर वेळेआधी पोहोचणे, सामान तपासून देणे, बोटीत चढणे, उतरणे आणि नव्या खोलीची वाट पाहणे यांत अर्धा दिवस जातो, आणि धक्क्यावर गुडघेदुखीच्या माणसाला उभे राहावे लागते ते वेगळेच. नीलची रात्र काढून हॅवलॉकला सलग तीन रात्री राहावे. नील, म्हणजे शहीद द्वीप, हे सपाट, शेतीभातीचे, शांत बेट आहे. ते मला स्वतःला फार आवडते. पण तेथे जायचेच असेल तर घाईने एक रात्र नको, पुढे कधीतरी दोन-तीन रात्री सवडीने जावे.

शेवटची रात्र मात्र पोर्ट ब्लेअरलाच हवी, यात कोणतीही तडजोड करू नये. हॅवलॉकहून पोर्ट ब्लेअरला वेगवान खासगी बोट दीड-दोन तासांत पोहोचते, सरकारी बोटीला साधारण अडीच तास लागतात. परंतु समुद्र खवळला की दोन्ही रद्द होऊ शकतात. सकाळच्या बोटीने येऊन दुपारचे विमान पकडण्याचा बेत कागदावर नीट दिसतो आणि वाऱ्याच्या एका दिवसाने मोडतो. याच कारणाने खोली आरक्षित करताना एक प्रश्न लेखी विचारावा, की हवामानामुळे बोट रद्द झाली तर त्या रात्रीचे पैसे परत मिळतात, तारीख बदलून मिळते, की बुडतात. आपल्या मुलाला डायव्हिंग करायचे असेल, तर दहा वर्षांपासून पुढच्या मुलांना प्राथमिक डायव्ह करू देतात. मात्र त्यानंतर विमानात बसण्यापूर्वी अठरा तास जाऊ द्यावेत, आणि शेवटच्या मुक्कामामुळे तेही आपोआप साधते.

पोर्ट ब्लेअरला (सप्टेंबर २०२४ पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम) कुठे राहावे, हे तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो. कॉर्बिन्स कोव्हच्या बाजूला समुद्र दिसतो, पण शहरापासून थोडे दूर पडते. तुमच्यासाठी ॲबरडीन बाजाराचा परिसर सोयीचा, कारण सेल्युलर जेल तेथून जवळ आहे. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या प्रकरणातून पुढे भगूरच्या सावरकरांना १९११ मध्ये याच तुरुंगात आणले गेले. नाशिकहून गेलेल्या कुटुंबाने मुलांना ते ठिकाण निवांतपणे दाखवावे, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. सात भुजांपैकी आज तीनच उरल्या आहेत. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर असल्याने सासूबाईंना तेथे जाणे जमणार नाही. पण संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम अंगणात बसून पाहता येतो, आणि जवळ राहिल्यास तो संपल्यावर पाचच मिनिटांत खोलीवर पोहोचता येते. शहर चढउताराचे आहे. हॉटेलला उद्वाहक आहे का, आणि रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या आहेत, हे दोन्ही विचारावे; उद्वाहक असलेल्या काही इमारतींत आधी दहा-बारा पायऱ्या चढाव्या लागतात.

हॅवलॉकच्या रिसॉर्टलाही दूरध्वनी करून बोलावे. छायाचित्रातील खोली तळमजल्यावरची आहे का, स्नानगृहात धरायला दांडी आहे का, फरशी ओली झाल्यावर घसरते का, दोन खोल्या एकमेकींना लागून मिळतील का, ‘जादा पलंग’ म्हणजे पलंग की जमिनीवरची गादी, वीज गेल्यावर जनरेटर सुरू होतो का आणि पहाटेच्या बोटीसाठी न्याहारी बांधून देतात का, हे प्रश्न विचारण्यात संकोच मानू नये. जो व्यवस्थापक यांची उत्तरे शांतपणे देतो, त्याच्याकडे राहायला मी डोळे मिटून जाईन. हॅवलॉकला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठ्या उपचारांसाठी पोर्ट ब्लेअरलाच यावे लागते; त्यामुळे नेहमीची औषधे दोन दिवस जास्तीची न्यावीत आणि ती हातातल्या पिशवीत ठेवावीत.

प्रश्न : आमच्या आईला (वय ६८) घेऊन फेब्रुवारीत नीलला जात आहोत. ती शाकाहारी आहे, कांदा-लसूणही खात नाही. स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी, घरगुती निवास घ्यावा की रिसॉर्ट? (पंचवटी, नाशिक)

उत्तर : स्वतंत्र स्वयंपाकघराच्या मागे लागू नये. बेटांवरचा बहुतेक किराणा मुख्य भूमीवरून जहाजाने येतो, तो महाग पडतो, आणि चार दिवसांसाठी तेल-मीठ-मसाल्यापासून जमवाजमव करण्यात आपली सुटी संपेल. शिवाय तो स्वयंपाक आईच करायला घेतील, हे आपणही जाणताच.

नील आणि हॅवलॉक येथे फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबे वसवली गेली. त्यामुळे भात आणि मासे हे तेथले रोजचे जेवण आहे. पण नीलमध्ये भाजीपाला चांगला पिकतो आणि वरण-भात-भाजी मिळण्यास अडचण पडत नाही. खरी अडचण भांड्यांची आहे. घरगुती निवासात माणसे आपुलकीने वेगळी भाजी करून देतील, पण स्वयंपाकघर एकच असते आणि त्याच कढईत मासे तळलेले असतात. आईंना ते चालणार नसेल, तर स्पष्ट विचारावे आणि शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत करणारे रिसॉर्ट घ्यावे. चालणार असेल, तर घरगुती निवासासारखे सुख नाही; तेथे आदल्या रात्री सांगितले की सकाळी बिनकांद्याचे पोहेसुद्धा होतात.

खोलीत पाणी उकळण्याची किटली आहे का एवढे पाहावे. सोबत मेतकूट, भाजलेल्या पोह्यांचा चिवडा, खाकरे, गूळ-दाण्याचे लाडू आणि एकादशी येत असेल तर राजगिऱ्याच्या वड्या न्याव्यात. सुक्या खोबऱ्याची वाटी मात्र सामानात टाकू नये; विमानात तिला परवानगी नाही आणि तेलकट खोबरे पेट घेऊ शकते, हे त्यामागचे कारण आहे.

प्रश्न : आम्ही दोघे आणि तीन वर्षांची मुलगी मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात जाणार आहोत. मालदीवला पाण्यावरच्या व्हिलात चार रात्री किंवा तेवढ्याच पैशांत मॉरिशसला सात रात्री, असे दोन पर्याय आहेत. एका मित्राने फुकेतही सुचवले आहे. (देवळाली कॅम्प, नाशिक)

उत्तर : महिना ठरलेला असल्याने वाऱ्यापासून सुरुवात करू. मे महिन्यात नैऋत्य मोसमी वारे हिंदी महासागराच्या उत्तर भागात स्थिरावू लागतात. फुकेतचे पाटोंग, कारोन, काता हे प्रसिद्ध किनारे पश्चिमेला, थेट या वाऱ्यांसमोर आहेत. मे ते ऑक्टोबर या काळात तेथे लाटा व ओढ वाढते आणि पोहण्यास मनाई करणारे लाल झेंडे लावले जातात. थायलंडलाच जायचे असेल, तर त्या दिवसांत पूर्वेच्या आखातातले को सामुई बरे, कारण त्याचा मोठा पाऊस ऑक्टोबरनंतर येतो. एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांवर दोन वेगळे ऋतू असतात, आणि स्वस्त दराची जाहिरात ते सांगत नाही.

मालदीवमध्येही मेपासून पावसाळी हंगाम सुरू होतो. चारच रात्री असतील आणि त्यांतले दोन दिवस पावसाचे निघाले, तर बंद खोलीत तीन वर्षांच्या मुलीला रमवणे सोपे नाही. पाण्यावरच्या व्हिलाविषयी तर माझे मत ठाम आहे : या वयाच्या मुलीसह ती घेऊ नये. लाकडी ओटा संपतो तेथे पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, आणि अनेक ठिकाणी कठडा नसतो. काही रिसॉर्टे लहान मुलांना त्या व्हिलांत राहूच देत नाहीत, आणि पैसे भरल्यावर हे कळते तेव्हा वाद होतात. मालदीवच ठरवलेत तर वाळूवरची व्हिला घ्यावी, तीही खाजणाच्या, म्हणजे प्रवाळकड्याने अडवलेल्या उथळ पाण्याच्या, शांत बाजूची.

तेथे मुक्कामाच्या दरापेक्षा पोहोचण्याचा खर्च आणि वेळ आधी पाहावा. बहुतेक रिसॉर्ट म्हणजे एक स्वतंत्र बेट असते. माले विमानतळावरून तेथे वेगवान बोटीने किंवा सागरी विमानाने जातात, आणि त्याचे भाडे अनेकदा खोलीच्या दरात धरलेले नसते. सागरी विमाने फक्त दिवसाउजेडी उडतात. दुपारनंतर उशिरा उतरलात, तर ती रात्र माले किंवा हुलहुमालेला काढावी लागते आणि रिसॉर्टची एक रात्र वाया जाते. बेटावर दुसरी खानावळ नसल्याने तिन्ही जेवणांसह दर विचारावा, सेवाशुल्क आणि कर धरून. स्थानिक वस्तीच्या बेटांवर २००९ पासून अतिथीगृहांना परवानगी आहे. माफुशीसारख्या ठिकाणी कमी पैशांत राहता येते, पण तेथे सार्वजनिक जागी अंगभर कपड्यांचा नियम आहे आणि पोहण्याच्या पोशाखासाठी वेगळा किनारा राखलेला असतो.

मी आपल्याला मॉरिशस सुचवतो. दक्षिण गोलार्धात असल्याने मे महिन्यात तेथे उन्हाळा ओसरलेला असतो, चक्रीवादळांचे दिवस मागे पडलेले असतात आणि हवा सौम्य असते. आग्नेयेकडून वाहणारे व्यापारी वारे मात्र तेव्हापासून वाढतात, म्हणून बेल मारच्या बाजूचा पूर्व किनारा कितीही देखणा असला, तरी त्या महिन्यात तेथे वारा लागतो. पश्चिमेचा फ्लिक आँ फ्लाक डोंगरांच्या आडोशाला आहे, प्रवाळाच्या कडेमुळे आतले पाणी उथळ व संथ राहते आणि लहान मुलांना ते मानवते. उत्तरेचे ग्राँ बे अधिक गजबजलेले, दुकाने आणि खाण्याची ठिकाणे पायी अंतरावर. नैऋत्येचे ले मॉर्न वाऱ्यावरच्या खेळांसाठी नावाजलेले असल्याने आपल्यासाठी नको. फ्लिक आँ फ्लाकला लहान स्वयंपाकघर असलेली सदनिका घ्यावी. मघाशी स्वयंपाकघर नको म्हटले होते, पण येथे जवळच मोठी किराणा दुकाने आहेत आणि तीन वर्षांच्या मुलीला मऊ खिचडी केव्हा लागेल ते सांगता येत नाही. विमानतळ आग्नेयेला असून तेथून साधारण तासाभराचा रस्ता आहे. बेट उत्तर-दक्षिण सुमारे ६५ किलोमीटरच आहे, म्हणून सातही रात्री एकाच ठिकाणी राहून रोज एक दिशा पाहावी, मुक्काम हलवू नये. आणखी एक आनंदाची गोष्ट म्हणजे एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तेथे गणेशोत्सव साजरा करतात. मुलीला घेऊन बाजारात मराठी बोलत फिरलात, तर कोणी आपुलकीने चौकशी केल्यास नवल वाटू देऊ नका.

प्रश्न : लक्षद्वीपला आपणच हॉटेल आरक्षित करून जाता येते का? सोबत सहा आणि नऊ वर्षांची मुले आहेत. (सिन्नर)

उत्तर : खोली आधी ठरवून मग परवाना, असा क्रम तेथे चालत नाही. भारतीय नागरिकांनाही प्रवेश-परवाना लागतो, आणि तो सामान्यतः मान्य निवासाच्या किंवा सरकारी सहलीच्या आरक्षणाबरोबरच मिळतो. अगत्ती येथे एकमेव विमानतळ आहे, विमाने मुख्यतः कोचीहून जातात. जहाजाच्या सहलीत बहुधा रात्री जहाजावरच झोपायचे आणि दिवसा बेटावर उतरायचे अशी पद्धत असते. त्यात जहाजातून लहान होडीत उतरावे लागते, तेव्हा मुलांना जीवनरक्षक जाकिटे अंगाला बसतात का, हे पाहून घ्यावे. बेटावरच राहायचे असेल, तर कदमत, बंगाराम आणि अगत्ती यांचा विचार करावा. तेथील बहुतेक बेटांच्या पश्चिमेला प्रवाळकड्याने अडवलेले उथळ खाजण असते, म्हणून खोली त्या बाजूची मागावी. पूर्वेची बाजू उघड्या समुद्राची असते आणि तेथे मुलांना पाण्यात सोडता येत नाही. खोल्या फार थोड्या असल्याने परवाना हाती आल्याशिवाय कोचीची विमान-तिकिटे परत न मिळणाऱ्या दरात काढू नयेत.